थांबायची खूण

पंजाबराव काळबांडे यांनी छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकही खोटी खूण केली नव्हती. ही गोष्ट ते पूर्वी, म्हणजे बोलता येत होतं तेव्हा, आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी सांगत आणि चहा झाल्यावर पुन्हा एकदा सांगत.

भिलाईच्या पोलाद कारखान्यात ते खलाशी होते. खलाशी म्हणजे जहाजावरचा नव्हे. वर छतालगत क्रेन धावते, तिच्या केबिनमध्ये ऑपरेटर बसतो. खाली जमिनीवर उभा राहून जो मालाला वायररोप बांधतो आणि ऑपरेटरला हातानं सांगतो की उचल, उतरव, थांब, तो खलाशी. त्या आवाजात माणसाला स्वतःचं ओरडणंही ऐकू येत नाही, म्हणून तिथली सगळी भाषा हाताची. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. तळहात जमिनीकडे धरून हळूहळू दाबला की उतरव. अंगठा वर म्हणजे सगळं ठीक. बंद मूठ वर गेली की थांब.

या भाषेचे दोन कायदे होते. एक, खूण एकाच माणसानं करायची, दहाजणांनी हात हलवायचे नाहीत. दोन, थांबायची खूण मात्र कोणीही करावी, आणि कोणीही केली तरी ती मानावीच लागते. एकदा वीस टनांचा रोल हवेत असताना लांबून झाडू मारणाऱ्या एका रेजानं, म्हणजे ठेक्यावरच्या मजूर बाईनं, मूठ वर केली. ऑपरेटर अरुणकुमारनं क्रेन जागच्या जागी रोखली. पंजाबराव भडकले, "तिले काय समजते क्रेनमधलं?" जाऊन पाहिलं तर त्यांच्या नजरेआड, पलीकडच्या बाजूला, वायररोपच्या तारा फुलासारख्या उमलल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या बाईला डझनभर केळी नेऊन दिली आणि सगळ्यांसमोर हात जोडले.

ड्युटी संपली की मात्र हात खिशात आणि तोंड सुरू. हुडको वसाहतीत त्यांना लाउडस्पीकर म्हणत. आणि तोंडात खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना घोटलेला. गोंदियाकडून कोणी येणार असलं की हे आधी खर्र्याचा निरोप धाडत, मग त्याच्या तब्येतीची चौकशी करत. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी जिभेच्या कडेला एक फोड आला, तो बसला नाही. रायपूरच्या डॉक्टरांनी अर्धी जीभ काढली, तिच्या जागी मनगटाजवळचं कातडं लावलं, आणि वर किरणांचे शेक दिले. जीव वाचला. गळा मात्र लाकडासारखा झाला. आता त्यांच्या तोंडून फक्त "आ" निघे, लांबवर बस वळल्यासारखा.

मग हात पुन्हा कामाला लागले. बायको अंजनाबाई तीन आठवड्यांत सगळ्या खुणा शिकल्या. पंखा उतरव, टीव्ही उचल, पाहुणा थांबव. नव्या खुणाही झाल्या. शेजारच्या ठाकूरबाईंसाठी एक होती, ती इथं लिहिण्यासारखी नाही. त्या खुणेला अंजनाबाई तोंडाला पदर लावून हसत.

हसण्याचं एवढंच. बाकी घर गप्प झालं होतं.

पंजाबरावांच्या नाकातून एक नळी पोटात गेलेली होती. दिवसातून सहा वेळा अंजनाबाई मोठ्या सिरिंजनं त्यातून दूध, गाळलेलं वरण आणि डब्यातली पावडर सोडत. आता अंजनाबाईंचा नेम लग्नापासूनचा: नवरा जेवल्याशिवाय जेवायचं नाही. पंजाबरावांना त्या नेमाचं कधी काही वाटलं नव्हतं. नाइट ड्युटीच्या सकाळी त्या अकरापर्यंत उपाशी बसत, तेव्हाही नाही. पण आता त्यांचं 'जेवण' म्हणजे काय, हे त्या बाईला मनातून पटत नव्हतं. नळीत वरण सोडलं म्हणजे माणूस जेवला असं त्या धरत नसत. पंजाबरावांना वास येऊन जीव कासावीस होऊ नये म्हणून त्यांनी घरात फोडणी बंद केली. सात महिने त्या घरात मोहरी तडतडली नव्हती. अकराच्या सुमारास ठाकूरबाईंकडून लसूण-मिरचीचा खमंग वास येई, की या उठून खिडकी लावत. मग मोरीकडे तोंड करून, उभ्यानं, फिकी खिचडी चार घासांत संपवत. भिंतीवरच्या आरशात पंजाबरावांना ते सगळं दिसे. बांगड्या मनगटावरून सरकत पार कोपरापर्यंत जात, तेही दिसे. मागच्या वेळी दवाखान्यात बसायला जागा नव्हती, म्हणून अंजनाबाई पिशवीसकट वजनकाट्यावर टेकल्या होत्या. काट्यानं त्रेचाळीस दाखवलं. पिशवीत औषधं होती, पावडरचा डबा होता.

म्हणून पंजाबरावांना तोंडानं खायचं होतं. चवीचा मोह कधीच गेला होता. आपण चार घास गिळले की ही बाई जेवेल, एवढाच त्यांचा हिशेब.

रायपूरला गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या समीक्षा मॅडम होत्या. वयानं त्यांच्या मुलीएवढ्या, पण शिस्त फोरमनची. त्यांनी घट्ट दही अर्धा चमचा भरवून पाहिलं आणि आठ दिवसांची मुदत दिली.

"दिवसातून तीनदा, अर्धा अर्धा चमचा. सरळ बसायचं, हनुवटी छातीला लावायची, दोनदा गिळायचं आणि मग 'आ' म्हणायचं. आवाज ओला आला, गुळण्या केल्यासारखा, तर घास श्वासनळीकडे गेला समजायचं. लगेच थांबायचं. काका, तुमच्या गळ्याला आता खोकलाच येत नाही, त्यामुळे वरून कोणाला काही कळणार नाही. तुम्हीच सांगायचं, आणि खरं सांगायचं."

पंजाबरावांनी छातीवर हात ठेवला. खरं सांगण्याबद्दल त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

"मंगळवारी एक्स-रेखाली तपासू. जमलं तर पुढं जाऊ. नाही तर मग नळी पोटातूनच बसवावी लागेल, कायमची."

दही जेमतेम जमत होतं. आठातले पाच दिवस गेले. शनिवारी संध्याकाळी मुलगी रोशनी कामावरून आली. ती कुम्हारीच्या एका छोट्या कारखान्यात स्टोअर सांभाळी, रोज स्कूटीनं जाऊन-येऊन करी. हेल्मेट काढता काढताच म्हणाली, "बाबा, आज समजलं मले. आमच्या कारखान्यातल्या हर्षाचा बड्डे होता ना, तर आम्ही त्या नव्या डिमसमवाल्याकडे गेलो होतो, मेन रोडवर. तिथं एक फ्रूट जेली भेटते. सच में बाबा, चावावं लागतच नाई. मुंह में रखा और गया."

"डिमसम म्हंजे काय वो बापा?" अंजनाबाईंनी विचारलं.

"वाफेवरचे मोदक समज. तिखट."

"मोदक अन् तिखट!"

"आई, ते सोड ना. जेली दह्यासारखीच आहे, उलट जास्त मऊ. मंगळवारच्या आधी थोडी प्रॅक्टिस होईल बाबांची. अन् घराबाहेर पडतील जरा. सात महिन्यांत दवाखाना सोडून कुठं गेले का?"

"नळी लावून हाटेलात?"

"मास्क लावू. कोणाले काय पडलं आहे?"

दोघी पंजाबरावांकडे पाहू लागल्या. त्यांनी बोट वर केलं आणि गोल फिरवलं. उचल.

रविवारी दुपारी तिघं गेले. पंजाबरावांनी निवृत्तीच्या समारंभातला सफारी घातला होता, तो आता खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. आत लाल कंदील, वेताच्या डब्यांतून वर येणारी वाफ, आणि टेबलाच्या मधोमध फिरणारी गोल काच. पंजाबरावांनी ती एका बोटानं थोडी फिरवली, थांबवली, उलटी फिरवली. बेअरिंग चांगलं होतं. मग वेटरनं एक छापील कागद आणि पेन्सिल आणून ठेवली. जे हवं त्यापुढं खूण करायची आणि कागद परत द्यायचा, बोलायचं कामच नाही. हे त्यांना फार आवडलं. इथं सगळेच मुके, म्हणजे आपण काही वेगळे नाही. त्यांनी चष्मा लावून स्वतःच्या हातानं जेलीपुढं बरोबरची खूण केली. रोशनीनं स्वतःसाठी एक डबा डिमसम सांगितले. अंजनाबाई म्हणाल्या, "मले काई नको. घरी खिचडी आहे."

जेली काचेच्या वाटीत आली. खाली केशरी थर, वर दुधाळ, आणि आत फळांचे तुकडे. वाटी टेबलावर टेकली तरी ती आपली थरथरतच होती. अंजनाबाईंनी चमच्यानं टोचून पाहिलं.

"हे तं चायनाग्रास व्हय! रोशनी, तू पोटात होती तवा मी केलं होतं. ब्लॉकमधल्या बंगाली बाईनं शिकवलं होतं. तुह्या बाबानं पाहिलं अन् म्हणे, हे काय, पोस्टाचा गोंद उकळला का?" त्या वेटरकडे वळल्या. "क्यों भैया, चायनाग्रासच है ना?"

"हाँ आंटी, शुद्ध वेज है."

"पाहा. अन् घरी दहा रुपयात झालं असतं."

रोशनीनं फळांचे तुकडे वेचून आपल्या बशीत काढले. नुसत्या जेलीचा अर्धा चमचा तिनं बाबांच्या तोंडात ठेवला. हनुवटी छातीला. एकदा गिळलं, दुसऱ्यांदा गिळलं. "आ म्हणा."

पंजाबराव "आ" म्हणाले. पण पलीकडच्या टेबलावर कोणाचा तरी वाढदिवस रंगात आला होता आणि स्पीकर त्यांच्या डोक्यावरच होता. रोशनीनं कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"नाई येऊन राहिला ऐकू. भैया, गाना थोडा कम करो ना!"

गाणं मिनिटभर कमी झालं आणि पुन्हा वाढलं.

"बाबा, तुम्हीच सांगा. बरं गेलं?"

आवाजात बोलणं चालत नाही, तिथं हात चालतो. पंजाबरावांनी आतल्या आत घास कुठं पोचला ते पाहिलं. थंड गोळी सरळ खाली, छातीच्या मधून, पोटापर्यंत गेली होती. त्यांनी अंगठा वर केला. खरा अंगठा.

दुसरा चमचाही तसाच गेला. पुन्हा अंगठा. रोशनीनं टेबलावर हात आपटला, "बघ आई! मी म्हटलं होतं ना?" अंजनाबाईंनी डोळे मोठे करून नवऱ्याकडे पाहिलं. मग लग्नात अक्षता पडल्यावर सुटतो तसा एक मोठा निःश्वास त्यांच्या तोंडून सुटला.

तिसरा चमचा चुकला.

खोकला आला नाही. ठसका नाही, काही नाही. फक्त थंडी चुकीच्या जागी लागली. मध्ये न लागता उजवीकडे, बरगडीच्या मागं, खिडकीची फट राहिल्यासारखी. पंजाबरावांना तेवढं पुरेसं होतं. माल कुठं टेकला हे छत्तीस वर्षं न पाहता ओळखणारा माणूस. त्यांचा हात टेबलाखाली होता. त्या हाताची मूठ आपोआप वळली.

मूठ वर आणणार, तेवढ्यात त्यांनी समोर पाहिलं. गप्पांच्या नादात अंजनाबाईंनी डब्यातला एक डिमसम उचलला होता. लाल चटणीत बुडवला आणि अख्खा तोंडात टाकला. सात महिन्यांत पहिल्यांदा ही बाई खुर्चीवर बसून, माणसांकडे तोंड करून काहीतरी चावत होती. तिखट नाकात गेलं, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"माय वो! भल्ली तिखट हाय!" असं म्हणत त्या हसल्या आणि दुसरा उचलला.

"बाबा, ठीक?" रोशनीनं विचारलं.

पंजाबरावांनी टेबलाखालची मूठ उघडली. हात वर आणला आणि अंगठा दाखवला.

मग तळहात खाली धरून हळूहळू दाबला. उतरव. आणखी.

चौथा गेला, पाचवा गेला. कुठं गेला ते त्यांनी पाहिलं नाही. ते बायकोचे घास मोजत होते. डब्यातले सहाही संपले. रोशनीनं नूडल्स मागवल्या, त्याही अर्ध्या गेल्या. वर अंजनाबाईंनी फळांचे तुकडे खाल्ले. "लिची हाय ही. अन् हा आंबा. तुमाले आंब्याचा भाग लागला का लिचीचा?" पंजाबरावांनी पुन्हा अंगठा वर केला. चव त्यांना कसलीच लागली नव्हती. जेली फक्त थंड होती.

त्या संध्याकाळी घरात फोडणी पडली. मोहरी, जिरं, कढीपत्ता, सुकी मिरची. ठाकूरबाईंनी भिंतीपलीकडून हाक मारली, "का बात हे काळबांडे दीदी, आज बड़ खुशबू आवत हे!" अंजनाबाईंनी खिडकी सताड उघडली. पंजाबराव पलंगावर पडून होते. नळीमुळे वास अर्धाच येत होता. श्वास घेताना आत कुठंतरी बारीक घरघर होत होती, ती फक्त त्यांनाच कळत होती. त्यांनी डोळे मिटले आणि ताटलीवर चमचा वाजल्याचा आवाज ऐकत राहिले.

सोमवारी दुपारी हुडहुडी भरली. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. संध्याकाळी ओठ निळसर दिसू लागले, तशी रोशनीनं अँब्युलन्स बोलावली. रायपूरच्या वाटेवर, कुम्हारीच्या पुलावर, गाड्या तुंबल्या होत्या. अंजनाबाई वरच्या कडीला धरून उभ्याच होत्या आणि दर मिनिटाला विचारत होत्या, "बरं हाय ना? अवो, बरं हाय ना?" पंजाबरावांचे दोन्ही हात गोधडीखाली होते. ते त्यांनी बाहेर काढले नाहीत.

मंगळवारी एक्स-रे झाला, पण वेगळा. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा झाला होता. समीक्षा मॅडम पलंगापाशी आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही.

"दह्याशिवाय काही दिलं होतं?"

रोशनीनं सांगितलं. जेलीचं नाव काढताच मॅडमनी कपाळाला हात लावला. "जेली दह्यासारखी एकजीव राहत नाही हो. फुटते आणि घरंगळते. बरं, किती चमचे?"

"पाच. तिथं गाणे वाजून राहिले होते, 'आ' ऐकूच येत नव्हतं. पण बाबांनी दर वेळेस ओके दिला."

"दर वेळेस?"

"हो. पाचही वेळेस."

मॅडमनी केसपेपरवर 'पाच' लिहिलं. अंजनाबाई मात्र सावकाश वळल्या आणि नवऱ्याकडे पाहू लागल्या. पंजाबरावांनी नजर सलाइनच्या बाटलीकडे वळवली.

ताप उतरायला नऊ दिवस लागले. त्यानंतर नाकातली नळी काढून पोटाला भोक पाडून नवी बसवली. डॉक्टर सांगून गेले की आता तोंडानं काहीही नाही. दही नाही, पाण्याचा थेंब नाही, कधीच नाही. हे फुप्फुस पुन्हा असला मार सोसणार नाही. रोशनी रडली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. रजा संपली होती.

दुपारी वॉर्डात दोघंच उरले. अंजनाबाई स्टुलावर बसल्या. इतक्या दिवसांत त्यांनी हा विषय काढला नव्हता.

"कितव्या चमच्याले गेलं थे?"

पंजाबरावांनी तीन बोटं दाखवली.

"तवाच समजलं होतं तुमाले?"

त्यांनी मान हलवली.

"मंग अंगठा कावून?"

पंजाबरावांनी बोट त्यांच्याकडे केलं. मग पाची बोटं जुळवून त्यांच्या तोंडाकडे नेली. घास.

"मी खात होती म्हणून?"

मान हलली.

"छत्तीस वर्सं त्या अरुणकुमारले कधी खोटी खूण नाई केली," त्या अगदी हळू म्हणाल्या. "थो परका माणूस. अन् मले केली. मी तुमच्या खुणेवर भरोसा ठेवून गिळत बसली तिथं, ढोरासारखी. तुमच्या छातीत थे उतरून राहिलं होतं अन् मी चटणी मागून राहिली होती."

पंजाबरावांनी हात जोडले. रेजाबाईसमोर जोडले होते, तसे.

"चव तरी आली का?"

इथं अंगठा वर करता आला असता. अंजनाबाईंना तेवढंच हवं होतं, ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. पंजाबरावांनी तळहात आडवा केला आणि हलवला. नाही.

अंजनाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मग पिशवीतून डबा काढला. सकाळी रोशनीनं बनवून दिला होता. झाकण उघडलं आणि वास आला. वरणाला लसणाची फोडणी होती. नाकात आता नळी नव्हती, त्यामुळे सात महिन्यांनी पहिल्यांदा पंजाबरावांना तो वास पुरता आला, अगदी जळक्या मिरचीच्या देठापर्यंत. त्यांचे डोळे भरून आले. तरी त्यांनी हात वर उचलला, तळहात खाली केला आणि हळूहळू दाबला. उतरव. जेव.

अंजनाबाईंनी डब्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. झाकण परत लावलं, चारही बाजूंनी दाबून. आणि उजवा हात वर केला. सैल झालेल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. वर मूठ होती, बंद.

पंजाबरावांचा हात हवेत होता तिथंच थांबला. ही खूण कोणीही केली तरी मानावीच लागते.